मेहुण्याचा ऑक्टोपॅड

माझा मेहुणा वाईट माणूस असता तर माझी फार सोय झाली असती. उद्धट असता, आळशी असता, निदान मोठ्यांसमोर पाय पसरून बसत असता, तरी त्याच्याबद्दल चार शब्द बोलायला मला तोंड राहिलं असतं. पण बायकोचा हा धाकटा भाऊ लाघवी होता. घरात आला की आधी माझ्या पाया पडायचा. जेवताना माझा तांब्या भरलेला आहे ना ते बघायचा. आणि चारचौघांत म्हणायचा, ‘‘मी काय, भाऊजींचं बघून बघून शिकलो.’’ त्यानं माझं बघून काहीही शिकलेलं नव्हतं. माझा हात जड, त्याचा हलका. वाजवताना मी काठी मारायचो, तो नुसती टेकवायचा. लोक मात्र माझ्याकडे कौतुकानं बघायचे आणि मला मान डोलवावी लागायची.

मी तेव्हा जळगावात रेडिओ आणि टेपरेकॉर्डर दुरुस्तीच्या दुकानात काम करायचो आणि संध्याकाळी एका ऑर्केस्ट्रात ड्रमसेट वाजवायचो. आधी ढोलकी, मग हळूहळू ड्रमसेटवर आलो होतो. पायानं वाजवायचा मोठा ड्रम, पुढे छोटे ड्रम, वर पितळी थाळ्या. सगळा पसारा मांडायलाच तास जायचा, पण मांडून झालं की त्याच्यामागे बसलेला माणूस राजासारखा दिसायचा. ऑर्केस्ट्राचे मालक म्हणायचे, याच्यासमोर माइक लावू नका, उगाच लोक उठून जातील. मी ते कौतुक म्हणून घेत होतो.

बायको माझ्या कार्यक्रमाला कधी आली नाही. लग्नानंतर पहिल्या गणपतीत एकदा आली होती, मध्यंतरात घरी गेली. ‘‘डोकं उठलं,’’ म्हणाली. पुढे कधी मी विचारलं नाही आणि तिनं विषय काढला नाही. संसारात असे विषय असतात.

नव्वद सालानंतर धुळ्याहून मेहुण्याची बातमी आली की त्यानं ऑक्टोपॅड घेतला. मुंबईच्या कोणा ओळखीच्याकडून मिळवला होता. तोपर्यंत मी ती वस्तू फक्त ऐकून होतो. प्रत्यक्षात बघितली तेव्हा मला हसू आलं. जेवणाच्या मोठ्या ताटाएवढं एक चपटं खोकं, त्यावर काळ्या रबराचे आठ चौकोन. प्रत्येक चौकोनावर काठी मारली की वेगळा आवाज. एकात ढोल, एकात डफ, एकात ढोलकी, एकात घंटा. बटण दाबलं की आठही आवाज बदलायचे. माझा अख्खा ड्रमसेट त्याच्या दोन चौकोनांत मावत होता, आणि तो स्वतः ते खोकं शाळेच्या दप्तरासारखं काखेत मारून एसटीतून उतरायचा.

आमच्या मालकांनी त्याला एका कार्यक्रमाला बोलावलं. मग दुसऱ्या. मग जामनेरला जाताना टेम्पोत जागा कमी पडली म्हणून माझा ड्रमसेट मागे राहिला. पाचोऱ्याला जाताना जागा होती, तरीही राहिला. शेवटी तो आमच्या पलंगाखाली गेला आणि बायकोनं त्याच्या मोठ्या ड्रमवर गोधड्यांची घडी रचली. मला मालकांनी खंजिरी दिली. ऑर्केस्ट्रात ज्याला काढताही येत नाही आणि ठेवताही येत नाही, त्याच्या हातात खंजिरी देतात. शिवाय मी दुरुस्तीतला माणूस म्हणून वायरी बघणं, जनरेटर बघणं आणि मशीन गरम होतंय का ते बघणं, हेही माझ्याकडे आलं. म्हणजे ज्यानं माझी जागा घेतली त्याचा पोशिंदाही मीच झालो.

आणि आता बायको कार्यक्रमाला यायला लागली. पुढच्या रांगेत बसायची, ठेवणीतलं पातळ नेसून. घरी आल्यावर आमच्या सगळ्या वाड्याला सांगायची, ‘‘माझ्या भावाचा हात काय चालतो.’’ तो मुक्कामाला असला की वांगी भाजली जायची, कळण्याची भाकरी व्हायची, शेवभाजीवर तर्री यायची. एरवी मला वरण मिळायचं. मी एकदा तसं बोललो तर म्हणाली, ‘‘तुम्ही रोजचे आहात.’’

पण ज्यानं माझ्या पोटात खरं दुखलं ते वेगळंच. मेहुणा दुपारी आमच्या घरी सराव करायचा. शेजाऱ्यांना त्रास नको म्हणून कानाला हेडफोन लावायचा. तो वाजवताना बाहेर फक्त रबरावर काठ्या पडल्याचा आवाज यायचा, ठप ठप, कोणी दूर कपडे आपटतंय तसा. एक दिवस मी दुकानातून जेवायला घरी आलो तर हेडफोन बायकोच्या कानांवर. ती भिंतीला टेकून बसलेली, डोळे मिटलेले, आणि मान डोलतेय. समोर भाऊ वाजवतोय. खोलीत नुसतं ठप ठप. तिला काय ऐकू येत होतं ते मला ऐकू येत नव्हतं. मी चपला काढून तसाच दारात उभा राहिलो. इतक्या वर्षांच्या संसारात मी तिचा तसा चेहरा पाहिला नव्हता.

त्या दिवशी मला कळलं की मला ऑक्टोपॅड नको होता, मालकांची शाबासकीही नको होती. मला एवढंच हवं होतं की हिनं एकदा, फक्त एकदा, माझं वाजवणं असं ऐकावं. हे कोणाला सांगण्यासारखं नव्हतं. मी हात धुऊन जेवायला बसलो आणि वरणात मीठ कमी आहे म्हणालो.

पुढच्या श्रावणात सासरवाडीला कानबाई देवीच्या सणाला जाणं झालं. सोनगीरचा किल्ला लांबून दिसतो अशा गावात त्यांचं घर. आमच्याकडे कानबाई बसत नाही, पण बायकोच्या माहेरी मोठं असतं. नागपंचमीनंतरच्या रविवारी कानबाई बसवायची, नारळाला नथ, डोळे, दागिने घालून चौरंगावर. घरातल्या पुरुषागणिक गहू मोजून नैवेद्याचे रोट करायचे. रात्री गाणी. सोमवारी सकाळी चौरंग डोक्यावर घेऊन बायका वाजतगाजत नदीवर जातात आणि तिला निरोप देतात. रोट भाऊबंदांतच खायचे, घराबाहेर जाऊ द्यायचे नाहीत, आणि जावई कितीही लाडका असला तरी त्या दिवशी घराबाहेरचाच. मला वेगळं ताट वाढलं. रीत मला ठाऊक होती, तरीही मेहुण्याच्या पानात रोट आणि माझ्या पानात पुरी बघून मला वाटलं, इथेही तेच आहे.

त्या वर्षी मेहुण्यानं टेम्पो ठरवला होता. पाठीमागे दोन मोठे साउंड बॉक्स, आत कीबोर्डवाला आणि ऑक्टोपॅड. गावात प्रथमच. दरवर्षी डफ वाजवणाऱ्या म्हाताऱ्या मंडळींना सांगून टाकलं होतं की सोमवारी तुम्ही नुसते चाला. त्यामुळे रविवारी रात्रीच्या गाण्यांना त्यांनी डफ बडवून घेतले. बायको घरभर सांगत होती, उद्या माझा भाऊ कानबाईला वाजवणार आहे. मी अंगणात बसून सुपारी कातरत होतो.

सोमवारी सकाळी चौरंग सजला, बायका नटल्या, टेम्पो दारात लागला, आणि ऑक्टोपॅड बिघडला.

बिघडला म्हणजे बंद पडला असता तर बरं, तो चळला. मेहुण्यानं डफाच्या चौकोनावर काठी मारली तर घंटा वाजली. ढोल एकदा मारला तर दोनदा वाजला. एक चौकोन मुका झाला, कोपऱ्यात मारलं तरच हुंकार द्यायचा. त्याचा चेहरा उतरला. तो पुन्हा पुन्हा मारत होता आणि पोरं हसत होती, कारण डफाच्या ठेक्यात मध्येच देवळातली घंटा वाजत होती. खोटं कशाला बोलू, मला आतून गुदगुल्या झाल्या. चेहरा मात्र मी गंभीर ठेवला होता.

‘‘भाऊजी,’’ तो म्हणाला, ‘‘तुम्हीच बघा आता.’’

मी पिशवी आणली. टेस्टर, पक्कड, डाख द्यायच्या सोल्डरिंग गनसकट सगळी हत्यारं माझ्यासोबत असायचीच. आधी जनरेटर बघितला, करंट ठीक. वायर बदलली, फरक नाही. दुसऱ्या बॉक्सला जोडून बघितलं, तेच रडगाणं. मग मशीनचे आवाज बटणानं बदलले. आवाज बदलले पण खोड्या त्याच चौकोनांत राहिल्या. म्हणजे पोटात नाही, कातडीखाली दुखणं होतं. एकेका चौकोनावर मी बोटानं टिचकी मारत गेलो. वरच्या रांगेतले चारही शहाण्यासारखे वागत होते. खोड्या सगळ्या खालच्या रांगेत. आणि तेवढ्यात मला वास आला. मशीनला गोवरीच्या धुराचा वास येत होता.

‘‘हे रात्री कुठं ठेवलं होतं?’’ मी विचारलं.

सासरे पुढे आले. आम्ही त्यांना आबा म्हणायचो. त्यांच्या चेहऱ्यावर काम केल्याचं समाधान होतं. ‘‘सादळी जायेल व्हतं, जवाई,’’ ते म्हणाले. ‘‘बठ्ठा डफ चुल्हाजोडे शेकाले ठेवात, तवय हाईबी ठेवं.’’

श्रावणात हवा ओली. डफाचं कातडं सैल पडतं, आवाज बसतो. म्हणून वाजवायच्या आधी डफ विस्तवाजवळ शेकून घेतात, कातडं ताणलं जातं, आवाज खणखणीत होतो. आबांनी आयुष्यभर हेच केलं होतं. मुलाचं वाद्य तेवढं ओलाव्यात राहावं हे त्यांना बरं दिसलं नाही. रोट भाजून झाल्यावर धुमसत्या चुलीकडे तोंड करून त्यांनी गाण्यांसाठी सगळे डफ उभे केले आणि त्यांच्या रांगेत ऑक्टोपॅडही, खालची आडवी कड निखाऱ्याकडे करून; डफ गाण्यांना गेले, तो रात्रभर तिथेच राहिला. मेहुण्यानं कपाळाला हात लावला, पण वडिलांना एक शब्द बोलला नाही. इथेही मला त्याचा रागच आला. मी असतो तर बोललो असतो.

मी मशीन अंगणातल्या खाटेवर उलटं घातलं आणि मळसूत्रं काढली. आत प्रत्येक रबराखाली रुपयाएवढी एक पातळ पितळी चकती गोंदानं चिकटवलेली असते. रबरावर मार बसला की चकती तो हादरा धरते, त्याची वीज करते आणि मशीनला कळवते. जुन्या रेकॉर्ड प्लेअरच्या पिनेच्या डोक्यात असलाच तुकडा असायचा, तो मी शेकड्यानं बदलला होता. चुलीच्या धगीनं खालच्या रांगेतला गोंद पाघळला होता. एक चकती घसरून शेजारच्या चौकोनाच्या कडेला जाऊन बसली होती. म्हणून इकडचा मार तिकडं वाजत होता. दुसरी अर्धी सुटून थरथरत होती, एका माराचे दोन सांगत होती. तिसरीची तार तुटायला आली होती.

गावातल्या सायकलच्या दुकानातून मी पंक्चरचं सोल्युशन आणि ट्यूबचा तुकडा मागवला. जुना गोंद खरवडला, चकत्या जागेवर चिकटवल्या, खाली ट्यूबच्या पातळ पट्ट्या घातल्या म्हणजे शेजारचा हादरा येणार नाही. तारेला डाख दिला. बायका ओट्यावर ताटकळत बसल्या होत्या. बायको दोनदा येऊन विचारून गेली, ‘‘झालं का हो? भावाचा जीव खालीवर होतोय.’’ माझ्या जिवाची चौकशी नव्हती. मी मान वर न करता म्हणालो, होतंय.

जोडणी झाल्यावर मी काठ्या घेतल्या आणि एकेक चौकोन वाजवून पाहिला. डफ डफासारखा, ढोल ढोलासारखा. घंटा तिच्या जागी. मेहुण्यानं मला नमस्कारच घातला. मशीन टेम्पोत चढवलं, टेम्पो सुरू झाला, आणि वाट अशी की बैलगाडीच्या चाकोऱ्यांची. टेम्पो हादरला तसे चौकोन आपोआप वाजायला लागले. वर बॉक्समधून ढोल घुमला की त्याच्या हादऱ्यानं डफ वाजायचा, डफानं ढोलकी. कोणी हात लावत नव्हतं आणि मशीन वाजत होतं. ओट्यावरून एक म्हातारी म्हणाली, देवी आली.

मी टेम्पो थांबवला. किती जोराचा मार धरायचा आणि किती हलका सोडून द्यायचा, हे ठरवायची सोय मशीनमध्ये होती. मी ती एकेक पायरी वर नेत गेलो, हादरे वाजेनासे होईपर्यंत. मेहुण्याला म्हटलं, वाजव. त्यानं काठ्या टेकवल्या. काही नाही. पुन्हा टेकवल्या, चारातला एक वाजला. त्याच्या हलक्या हाताला मशीन आता हादराच समजत होतं. पायरी खाली आणली की टेम्पो वाजवायचा, वर नेली की मेहुणा वाजत नव्हता. त्यानं जोर लावून बघितला, पण जोर लावला की त्याचा ठेका तुटायचा. शिकलेल्या हाताला असं एका सकाळीत वळण लागत नाही.

त्यानं काठ्या माझ्यापुढे धरल्या. ‘‘याला तुमचाच हात पाहिजे, भाऊजी,’’ म्हणाला. त्याच्या आवाजात कुरकुर नव्हती. गावात पहिल्यांदा त्याचं नाव होणार होतं, आणि तो काठ्या अशा देत होता जसा पाण्याचा तांब्या द्यावा. मी आजही सांगतो, मला ते जमलं नसतं.

मी तेलाच्या रिकाम्या डब्यावर बसलो, दोन्ही बॉक्सच्या मागे. मशीन हलू नये म्हणून मेहुणा स्टँड दोन्ही हातांनी दाबून माझ्यासमोर उभा राहिला. टेम्पो निघाला. बॉक्सच्या मध्ये हाताएवढी फट होती, तीतून मला मागून येणाऱ्या बायका दिसत होत्या. पुढे चौरंग, त्याच्यामागे माझी बायको, हिरव्या पातळात, कपाळभर कुंकू.

मी सुरुवातीला नुसता डफ धरला. रविवारी रात्री म्हाताऱ्यांनी धरला होता तोच ठेका. मग त्यात ढोल घातला, मोजून, एकआड एक. कितीतरी महिने हातात खंजिरी वागवली होती. ते सगळं त्या रबरात उतरत होतं. मशीनला जड हात हवा होता आणि माझ्याकडे तेवढाच होता. कीबोर्डवाला माझ्याकडे बघून हसला आणि माझ्यामागे यायला लागला. एरवी मी त्यांच्यामागे जायचो.

वेशीपाशी बायका नाचायला लागल्या. फुगड्या सुरू झाल्या. आणि फटीतून मी बघितलं, माझी बायको पदर खोचून पुढे आली. तिनं आपल्या काकूचे हात धरले आणि गिरकी घेतली. ही बाई आमच्या लग्नात नाचली नव्हती. डोळे मिटले होते, मान डोलत होती, अगदी हेडफोन लावून बसली होती तशी. या वेळी मात्र तिला जे ऐकू येत होतं तेच मलाही येत होतं. नदीच्या उतारावर ती एवढ्या जोरात फिरली की मी बघतच राहिलो. माझे हात थांबले. एकदम शांतता झाली, बायकांच्या टाळ्या तेवढ्या राहिल्या आणि पैंजण. मेहुण्यानं स्टँड न सोडता मान हलवून मला खुणावलं. मी पुन्हा ढोलावर हात टाकला तेव्हा सगळ्या गावानं एकच गलका केला.

नदीवर कानबाईला निरोप दिला. मी डब्यावरून उतरून जनरेटरची वायर गुंडाळत होतो. बायको ओल्या पायांनी तशीच धावत टेम्पोकडे आली. माझ्याकडे आली असं मला एक क्षण वाटलं, मी वायर खाली ठेवलीसुद्धा. ती माझ्या शेजारून गेली आणि भावाच्या चेहऱ्यावरून हात ओवाळून तिनं बोटं मोडली.

‘‘आज तू जसं वाजाडं ना भाऊ, तसं कधीच वाजाडं नव्हतं,’’ ती म्हणाली. तिचे डोळे भरले होते.

बॉक्सच्या वर सगळ्या वाटेत तिला त्याचंच डोकं दिसत होतं. मी खाली डब्यावर होतो, आणि तिच्या हिशेबी नेहमीसारखा जनरेटरजवळ.

‘‘अक्का, मी नही वाजाडं,’’ तो म्हणाला. ‘‘भाऊजीनी वाजाडं. मी नुसता स्टँड धरीसन उभा व्हतू.’’

ती हसली. मायेनं हसली. ‘‘राहू दे. तू लहानपनपासून आसाच शे. सोतानं काम आनि दुसरानं नाव.’’ आणि माझ्याकडे वळून म्हणाली, ‘‘बघा, तुमचा केवढा मान ठेवतो.’’

मेहुणा माझ्याकडे बघत होता. मी बोललो असतो तर कीबोर्डवाला साक्षीला होता, ड्रायव्हर होता. पण मला वाटलं, हिला ओळखू यायला हवं होतं. पलंगाखालच्या ड्रमचा हात, रोजच्या घरातला हात. कळलं नाही तर सांगून कळवण्यात काय राम आहे. शिवाय तिच्या चेहऱ्यावरचं ते जे होतं, ते मी बोललो असतो तर गेलं असतं, आणि मला ते अजून थोडं बघायचं होतं. मी म्हणालो, ‘‘हो, वाजवतो चांगलं.’’ आणि वायर गुंडाळायला घेतली. अंगाचा नुसता तिळपापड झाला होता, आणि आनंदही झाला होता, आणि दोन्ही कोणाला सांगायची सोय नव्हती. मेहुण्यानं घरी एकदा पुन्हा सांगून बघितलं. मग त्यानंही सोडून दिलं.

त्याला आता बरीच वर्षं झाली. ऑर्केस्ट्रा मोडला, मेहुणा धुळ्यात दुसऱ्या धंद्यात आहे. श्रावण आला की बायको हमखास त्या कानबाईचा विषय काढते. माझ्या भावानं काय वाजवलं होतं, म्हणते. मी भाजी निवडत किंवा पेपर वाचत बसलेलो असतो. मी विचारतो, काय वाजवलं होतं गं, नीट सांग. मग ती सांगते. आधी नुसता डफ, मग त्यात हळूच ढोल. आणि नदीच्या उतारावर तो मध्येच थांबला, तेव्हा अंगावर काटा आला होता, म्हणते, कुठं थांबायचं हे ज्याला कळतं तोच खरा वाजवणारा. मी पेपर खाली ठेवतो आणि तिला म्हणतो, ते थांबण्याचं पुन्हा एकदा सांग.